पंख टाकलेली राणी

मृगाचा पाऊस म्हसळ्याला येतो तो मोठ्या थाटात येतो. आधी खाडीकडून गार वारा सुटतो; मग गावाभोवतालच्या डोंगरांचे माथे ढगांत बुडून जातात आणि पाहता पाहता तापलेल्या जमिनीतून वाफा निघू लागतात. दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्या, भाजून ठेवलेल्या राबात शेतकऱ्याने भाताचा पेरा केला, म्हणजे एखाद्या दमट, निवांत संध्याकाळी भूमीच्या पोटात एक निराळीच धांदल उडते. अंगणाच्या कडेच्या, आंब्याच्या बुंध्याजवळच्या आणि दगडी गडग्यांच्या फटींतल्या बारीक छिद्रांतून मुंग्या बाहेर येऊ लागतात. रोजच्या मुंग्यांची तेथे रांग नसते; त्यांची नुसती गर्दी असते. आणि त्या गर्दीत काही मुंग्या अशा असतात, की ज्यांना चक्क पंख असतात!

मरण जवळ आले, की मुंगीला पंख फुटतात, असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. लहान माणूस गर्वाने फुगला, की त्याचा नाश ओढवतो, असा ह्या बोलण्याचा रोख असतो. माणसाच्या बाबतीत तो खरा असेल; परंतु मुंगीच्या बाबतीत मात्र तो निम्माच खरा आहे. पंख फुटलेल्या मुंग्यांपैकी बहुतेक मुंग्या दोन-चार दिवसांत मरून जातात हे सत्य आहे. कोणी पाखरांच्या तोंडी पडतात, कोणी पालीच्या, कोणी डबक्यात बुडतात. तथापि त्यांतलीच एखादी, मुंग्यांच्या जगात कोणाला लाभत नाही इतके दीर्घ आयुष्य जगते. तीच राणी.

मुंग्यांच्या वारुळात एरवी दिसतात त्या सर्व कामकरी माद्या. त्यांना पंख कधीच येत नाहीत. वर्षातून एकदा, ऋतू पालटण्याच्या सुमारास, वारुळात पंख असलेले नर आणि पंख असलेल्या राण्या तयार होतात. हवा अनुकूल झाली, की एकाच जातीच्या निरनिराळ्या वारुळांतून ते एकाच वेळी बाहेर पडतात आणि पुष्कळ जातींत त्यांचे मीलन आकाशातच होते. नराचे कार्य तेवढ्यावर संपते. तो लवकरच मरतो. राणी मात्र खाली उतरते, पायांनी आणि अंगाच्या हालचालींनी आपले पंख मुळाशी मोडून टाकते आणि भूमीत एक लहानशी कोठडी खणून स्वतःला आत कोंडून घेते. ह्या पंखांचा तिला आता काही उपयोग उरलेला नसतो. इतकेच नव्हे, तर पंख हलविणारे छातीतले बळकट स्नायूदेखील तिच्या शरीरात हळूहळू विरघळू लागतात आणि त्या पोषणावर ती आपल्या पहिल्या लेकरांना वाढविते. ज्या बळावर ती आकाशात गेली, तेच बळ ती पिलांना भरविते. गर्वाचे उदाहरण म्हणून जिच्याकडे बोट दाखविले जाते, तिची ही कथा आहे.

आता अशी एक राणी, पंख टाकून अंगणातल्या ओल्या मातीवरून घाईघाईने चालली असताना, शाळेतल्या एखाद्या मुलाच्या दृष्टीस पडली, असे समजू. मुलगा जिज्ञासू आहे. तो तिला अलगद एका काचेच्या नळीत घेतो. घरातली माणसे विचारतात, "काय रे सापडले?" तो म्हणतो, "मुंगळ्यांची राणी!" पण ती मुंगळ्यांचीच राणी आहे हे त्याने कशावरून ठरविले? मोठी आणि काळी, म्हणून? पुष्कळ निरनिराळ्या जातींच्या राण्या मोठ्या आणि काळ्या असतात. नाव उच्चारणे सोपे असते. ते सिद्ध करणे कठीण असते.

पहिला प्रश्न असा, की ही मुंगी तरी आहे काय? पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जी पंखवाली झुंड जमते आणि सकाळी पडवीत जिच्या पंखांचा सडा पडलेला दिसतो, ती पुष्कळदा वाळवी असते. वाळवीलाही राणी असते, तीही पंख टाकते, म्हणून लोक दोघींना एकच समजतात. वास्तविक त्यांचे नाते फार दूरचे आहे. मुंगी ही मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या गोतातली. वाळवी ही झुरळाच्या गोतातली. ओळखण्याच्या खुणा तीन. मुंगीची कंबर अत्यंत बारीक असते, तर वाळवीचे अंग वरपासून खालपर्यंत सरळ असते. मुंगीच्या डोक्यावरच्या मिशा, ज्यांना शास्त्रात शृंगिका म्हणतात, त्या कोपरात वाकविलेल्या हातासारख्या असतात. वाळवीच्या शृंगिका मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतात. आणि पंख असतील, तर मुंगीचे पुढचे दोन पंख मागच्या दोहोंपेक्षा मोठे असतात. वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारखे असतात.

दुसरा प्रश्न असा, की मुंगी असेल, तर ती राणीच आहे काय? मुंगळ्यांच्या वारुळात काही कामकरी मुंग्या फार मोठ्या असतात. त्यांचे डोके अवजड असते आणि घाईत पाहणाऱ्याला त्याच राण्या वाटतात. म्हणून डोके पाहून फसू नये; छाती पाहावी. कामकरी मुंगीची छाती अरुंद असते, कारण तिला कधी उडावयाचे नसते. राणीच्या छातीत उडण्याचे स्नायू मावावयाचे असतात, म्हणून ती फुगीर आणि भक्कम असते. पंख गळून पडले असले, तरी छातीच्या दोन्ही बाजूंना त्यांचे व्रण राहतात. शिवाय राणीच्या कपाळावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, तीन बारीक चकचकीत ठिपके असतात. हे तिचे साधे डोळे होत. साध्या भिंगातूनही ते दिसू शकतात.

येथपर्यंतचा मार्ग सुगम आहे. खरी परीक्षा पुढे आहे. जगात मुंग्यांच्या १४ हजारांहून अधिक जातींना शास्त्रज्ञांनी आजवर नावे दिली आहेत. भारतातील मुंग्यांची जी सुधारलेली यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत १०० प्रजाती आणि त्यांखालील ८२८ जाती व उपजाती नोंदविल्या आहेत. इतक्या गर्दीतून एकीचे नाव शोधावयाचे, म्हणजे मोठ्या शहरात एखाद्याचे घर शोधण्यासारखेच. तेथे कोणी घरोघर हिंडत नाही. आधी पेठ, मग आळी, मग घर, अशा क्रमानेच माणूस जातो. मुंगीची पेठ कळते ती तिच्या कमरेवरून.

छाती आणि पोट यांच्यामधल्या त्या बारीक कमरेवर गाठ असते. काहींना एक गाठ असते, काहींना दोन. मुंगळ्याला एकच गाठ असते. आंब्याच्या आणि काजूच्या झाडांवर जिवंत पाने शिवून घरटी बांधणारे तांबडे हुमले कोकणातल्या मुलांना चांगले ठाऊक असतात, कारण त्यांचा प्रसाद बहुतेकांनी घेतलेला असतो. त्या हुमल्यांनाही एकच गाठ असते. ह्या दोघांनाही नांगी नसते. ते जबड्यांनी चावतात आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून आंबट, झोंबणारे आम्ल सोडतात. उलट, घरात धान्याच्या कणांमागे लागणाऱ्या कित्येक लहान मुंग्यांना दोन गाठी असतात. पोट बदामाच्या आकाराचे असून ते पाठीवर उचलून धरणारी झाडावरची मुंगीही दोन गाठींचीच. गाठी मोजल्या, की निम्मेअधिक जग एका फटक्यात बाजूला होते.

मग शृंगिकांचे पेरे मोजावयाचे. मुंगळ्याच्या राणीला ते बारा असतात. दाह करणाऱ्या तांबड्या अग्निमुंग्यांच्या राणीला अकरा असतात आणि त्यांतले शेवटचे दोन फुगीर असतात. मग अंगाची लांबी, रंग, कातडीवरची नक्षी, केस. रंगावर मात्र सर्वांत शेवटी विसंबावे, कारण रंगासारखा फसवा साक्षीदार नाही. हुमल्यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द 'स्मॅरॅग्डिना' असा आहे आणि त्याचा अर्थ 'पाचूसारखी'. आपल्याकडच्या तांबूस हुमल्यांकडे पाहून हे नाव कोणालाही चमत्कारिक वाटेल. परंतु त्यांची राणी हिरवट रंगाची असते! कामकऱ्यांवरून राणीचा रंग ठरविणारा येथे हमखास फसेल.

आणि एक प्रजाती तर अशी आहे, की तिची राणी शोधू म्हणणाऱ्याचा शोध जन्मभर संपावयाचा नाही. डायाकॅमा ह्या नावाच्या मोठ्या काळसर मुंग्या महाराष्ट्रात आढळतात. त्यांच्या अंगावर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. ह्या मुंग्यांत राणी जन्मालाच येत नाही. प्रत्येक कामकरी मुंगी छातीवर पंखांच्या जागी दोन चिमुकल्या गाठी घेऊन जन्मते. वारुळात जी श्रेष्ठ ठरते, ती इतरांच्या गाठी कुरतडून टाकते. जिच्या गाठी शाबूत राहतात, तीच अंडी घालते. निसर्गाने सर्वत्र एकच नियम लावला असेल, असे गृहीत धरून चालता येत नाही, हे ह्या मुंगीने शिकविले.

ह्या सर्व खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. मुंगीला नाव दिले काय आणि न दिले काय, तिला त्याचे काय होय? नळीत पकडलेल्या राणीला मात्र त्याचे फार मोठे आहे. तिचे जगणे-मरणे त्या नावावर अवलंबून असते. मुंगळ्याची राणी पहिली कामकरी मुंगी जन्मेपर्यंत अन्नाला स्पर्श करीत नाही. तिला अंधार, ओलावा आणि शांतता एवढेच हवे असते. दयाळू मुलाने तिला रोज साखर घातली, रोज झाकण उघडून पाहिले, तर ती भयभीत होते आणि पुष्कळदा स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. याच्या उलट, नांगी असलेल्या काही शिकारी मुंग्यांच्या राण्यांना पहिल्या दिवसांतही बाहेर पडून भक्ष्य आणावे लागते. त्यांना मुंगळ्याप्रमाणे कोंडून ठेवले, तर त्या उपाशी मरतात. हुमल्यांची राणी जमिनीत बीळ करीत नाही. ती झाडावर, पानांच्या आडोशाला आपला संसार थाटते. एकीला जे घर, ते दुसरीला तुरुंग होते. प्रेम असून भागत नाही. कोणावर प्रेम करावयाचे ते नीट ओळखावे लागते.

ह्या ओळखीसाठी मोठमोठ्या माणसांनी आयुष्याचा बराच भाग खर्च केला आहे. मुंबईत १८८३ मध्ये निसर्गेतिहासाच्या अभ्यासासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात रॉबर्ट चार्ल्स रॉटन नावाचे अधिकारी होते. त्यांना मुंग्यांचा छंद जडला. त्यांनी गोळा केलेल्या मुंग्या समुद्रापार स्वित्झर्लंडमध्ये ऑग्यूस्त फोरेल यांच्याकडे जात. फोरेल हे व्यवसायाने मनोविकारांचे वैद्य. पण मुंग्यांचे वेड त्यांना लहानपणापासूनचे. भारतात पाहणारा एक, युरोपात पारखणारा दुसरा, अशी ही जोडी होती. १८९२ मध्ये रॉटन यांनी 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या शीर्षकाची लेखमाला संस्थेच्या नियतकालिकात लिहिली आणि त्याच वर्षापासून त्याच नियतकालिकात भारताच्या व श्रीलंकेच्या मुंग्यांवरील फोरेल यांचे लेख येऊ लागले. पुढे १९०३ मध्ये चार्ल्स टॉमस बिंगहॅम यांचा भारतातील मुंग्यांवरचा ग्रंथ निघाला. रॉटन यांचे नाव आजही एका चिमुकल्या मुंगीच्या शास्त्रीय नावात नांदत आहे.

ह्या ग्रंथांतून ओळखीच्या ज्या किल्ल्या तयार झाल्या, त्या बहुधा कामकरी मुंग्यांवरून तयार झाल्या आहेत. हे साहजिकच होते. कामकरी मुंग्या वर्षभर हवेतेवढ्या सापडतात. राणी वर्षातून एखाद्या संध्याकाळी दिसते आणि लगेच भूमीत गडप होते. म्हणून एकट्या राणीवरून प्रजाती ठरविणे जमले, तरी जाती ठरविणे पुष्कळदा जमत नाही. जवळच्या जातींच्या राण्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.

तेव्हा त्या मुलाने काय करावे? त्याने दोन गोष्टी कराव्या. पहिली म्हणजे नोंद. राणी कोणत्या तारखेला, किती वाजता, कोठे सापडली. पाऊस होऊन किती वेळ झाला होता. जागा अंगणातली की झाडावरची. तिची लांबी पट्टीवर किती भरली. कमरेला गाठी किती. हे सर्व वहीत लिहावे. पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढता आले, तर फारच उत्तम. जाणत्या माणसाला नुसते "मोठी काळी मुंगी" म्हणून सांगितले, तर तो काही सांगू शकत नाही; ही नोंद दाखविली, तर पुष्कळ सांगू शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण. ती म्हणजे वाट पाहणे. नळीच्या एका टोकाला पाणी, त्यापुढे घट्ट बसविलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या टोकालाही हवा खेळेल असा कापूस आणि वर काळा कागद. एवढे करून नळी हलणार नाही अशा जागी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा, तेही क्षणभरच, पाहावी. राणी अंडी घालते, त्यांतून पांढऱ्या अळ्या निघतात, अळ्यांचे कोश होतात. मुंगळ्याच्या राणीची पहिली कामकरी मुंगी बाहेर पडेपर्यंत दीड-दोन महिने जाऊ शकतात. शेते लावून होतात, श्रावण येतो, तेव्हा कोठे एक फिकट, अशक्त, नेहमीच्या मुंगळ्यापेक्षा कितीतरी लहान अशी मुंगी राणीच्या पायांशी चालू लागते. पुढे पोषण मिळून नेहमीच्या अंगलोटाच्या मुंग्या निघाल्या, म्हणजे मुलाच्या हाती खरी किल्ली येते.

तोपर्यंत त्याने वहीत काय लिहावे? "प्रजाती कॅम्पोनोटस, जाती अद्याप अनिश्चित", एवढेच. वर्गातली मुले हसतील; म्हणतील, "दोन महिने झाले, अजून नाव नाही?" परंतु हे अर्धे नाव त्यांच्या पुऱ्या नावापेक्षा अधिक मोलाचे आहे. जेवढे दिसले, तेवढेच त्यात सांगितले आहे. चुकीचे पूर्ण नाव एकदा लिहिले, की पुढचा मनुष्य ते खरे धरून चालतो आणि चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. अनिश्चिततेचा शब्द लिहिण्यास धैर्य लागते आणि विद्येच्या मार्गावर हे धैर्य फार उपयोगी पडते.

एक जबाबदारी मात्र विसरून चालणार नाही. राणी म्हणजे एक मुंगी नव्हे. ती एक संपूर्ण वसाहत असते. ती जेथे सापडली तेथलीच असते. तिला हौसेने दूरच्या गावी नेऊन सोडणे हा अपराध आहे, कारण ती कोण हे माहीत नसताना तिच्यामागून काय येईल हेही माहीत नसते. दाह करणारी जी तांबडी अग्निमुंगी आज आपल्याकडे आढळते, ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. माणसाच्या मालाबरोबर ती जगभर पोहोचली. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळी वेडी मुंगी बाहेरून आली आणि तिने तेथल्या लक्षावधी लाल खेकड्यांचा संहार केला. बोटाच्या पेराएवढादेखील नसलेला जीव अरण्याचे रूप पालटू शकतो. म्हणून अभ्यास संपला, की नळीतले बिऱ्हाड त्याच अंगणात, त्याच झाडाच्या बुंध्याशी, सावलीत आणि ओल्या मातीत परत पोहोचविले पाहिजे.

राणीचे आयुष्य किती असते, हेही अशाच धीराच्या माणसांनी जगाला सांगितले. इंग्लंडमध्ये सर जॉन लबक यांनी काचांच्या मध्ये मुंग्यांची वारुळे पाळली होती. त्यांच्याकडची एक राणी सुमारे १५ वर्षे जगली. पुढे युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली जवळजवळ २९ वर्षे जगल्याची नोंद झाली. पंख मरणासाठी फुटतात म्हणून जिला हिणविले, तिने घोड्याइतके आयुष्य काढले! म्हसळ्याच्या एखाद्या मुलाने सांभाळून परत सोडलेली राणी पाऊस, पाली आणि शेजारची वारुळे यांतून तगली, तर तो मुलगा शाळा सोडून कामधंद्याला लागेल, तेव्हाही आंब्याच्या मुळाशी तिचा संसार चालू असेल. तिचे पूर्ण नाव वहीत लिहिलेले असो की अर्धे, ते प्रामाणिकपणे लिहिलेले असले, म्हणजे पुढे येणारा कोणी तरी ते पुरे करील.